एकतारी पाहुणे

माझ्या मामाने अठरा वर्षं शाळेची बस चालवली. शाळा बंद पडली, बस भंगारात गेली आणि चौपन्नाव्या वर्षी मामा घरी बसला. पहिल्या महिन्यात त्याने घरातले गळणारे नळ दुरुस्त केले. दुसऱ्या महिन्यात न गळणारेही दुरुस्त केले, आणि तेव्हापासून ते गळायला लागले. मामी म्हणाली, "अहो, रस्त्यावर काहीतरी चालवायला घ्या, नाहीतर इथं मलाच चालवत बसाल." मग त्याने एक पांढरी गाडी घेतली आणि मोबाइलच्या ॲपवर लावली.

गाडीवर त्याचा फार जीव. सकाळी आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग आरशांना वेगळं. बसमधली पोरं त्याला "काका, काका" करून भंडावून सोडायची. ॲपवरच्या पॅसेंजरांना त्याचं नाव गाडीत बसायच्या आधीच कळायचं, पण त्या नावाने हाक कुणी मारायचं नाही. त्याची त्याला खंत होती. अठरा वर्षांत एकही पोर बसमध्ये झोपून राहिलं नाही, रोज शेवटच्या सीटपर्यंत जाऊन बघितल्याशिवाय आपण खाली उतरलो नाही, हे तो अजूनही पाहुण्यांना सांगतो.

पुढचं सगळं तो पाहुण्यांना सांगत नाही. मला सांगितलं ते तुकड्यातुकड्याने, स्वयंपाकघरात मटार सोलताना.

ॲपवर पॅसेंजर ड्रायव्हरला एक ते पाच तारे देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ड्रायव्हरही पॅसेंजरला तारे देतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मामाची सरासरी होती ४.७१. ती ४.७ च्या खाली गेली की विमानतळाची भाडी मिळणं बंद. त्यामुळे सकाळी उठल्यावर मामी आधी देवाचं तोंड बघायची आणि मामा आधी तो आकडा.

त्या सोमवारी आकडा ४.६९ होता. आदल्या दिवशी एका तरुणाने सिग्नल तोडायला सांगितलं होतं, मामाने तोडला नव्हता, त्याने उतरल्यावर एक तारा दिला होता. वर ॲपने स्वतःहून लिहिलं होतं, "आपल्या वागणुकीत सुधारणा करा." मामाने ते वाक्य मामीला दोनदा वाचून दाखवलं. "माझ्या वागणुकीत! अठरा वर्षं लोकांची पोरं सांभाळली मी!" चहा तसाच ठेवून तो बाहेर पडला.

पहिलंच भाडं आलं ते एका हॉटेलचं. हॉटेलचं पुढचं दार मोठ्या रस्त्यावर, तिथे थांबायला मनाई. नकाशावरची खूण नेमकी तिथेच. मामा पोचला तर कुणी नाही. मागून हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात निरोप आला. पॅसेंजर परदेशी असावी, कारण निरोप यंत्राने भाषांतर केलेला होता: "प्रिय चालक, आम्ही हॉटेलच्या पाठीवर उभे आहोत."

"पाठीवर?" मामा म्हणाला. "माझ्या डोक्यावर तरी नाही ना!"

एकेरी रस्त्यांचा फेरा मारून तो परत आला. पुन्हा कुणी नाही. पुन्हा निरोप: "पांढरे कपडे लटकत आहेत तिथे." वाहतूक पोलिसाने काचेवर टिचकी मारली आणि गाडी हलवायला सांगितलं. तिसऱ्या फेऱ्यात मामाला हॉटेलची मागची गल्ली सापडली. धुलाईच्या खोलीबाहेर चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यापुढे दोघं म्हातारी माणसं उभी होती. बाई सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला बांधलेला मोबाइल. नवरा उंच, हातात काठी, पायात जाड बूट. दोघंही मामाकडे बघून असे हसले, की जणू तो लांबचा प्रवास करून त्यांनाच भेटायला आला होता.

बसताना आजोबांना काठी आधी आत घ्यावी की पाय आधी, हे ठरवता येईना. त्यांनी दार होतं तेवढं उघडलं आणि दाराची कड विजेच्या खांबाला घासली. बोटभर ओरखडा उठला. आजोबांना ते कळलंही नाही. मामा उतरला, ओरखड्यावर अंगठा फिरवला, परत बसला, आणि त्यांना जायचं होतं त्या संग्रहालयापर्यंत एक अक्षर बोलला नाही. बाईंनी पुढे हात करून एक गोळी देऊ केली. त्याने मान हलवून नको म्हटलं. उतरताना आजोबा त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलले, बहुधा आभार असावेत, आणि त्यांनी दार दाणकन लावलं.

पुढच्या सिग्नलला मोबाइलवर प्रश्न उगवला: पॅसेंजर कसे वाटले? मामाने पहिल्या ताऱ्यावर अंगठा दाबला. सिग्नल हिरवा झाला, तो निघाला. हे सगळं दोन सेकंदांत झालं. दुपारपर्यंत तो विसरूनही गेला.

रेल्वे स्टेशनच्या मागे एक मोकळं पार्किंग आहे. भाडं नसलं की ॲपवाले ड्रायव्हर तिथे डबे खातात. त्यांच्यात एक जण आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याला बंद करायचं बटण नाही. बुधवारी मामा डबा उघडत होता तेव्हा रेडिओ चालूच होता.

"अरे, त्या एकतारीचं भाडं कुणाकुणाला आलं?"

"कोण एकतारी?"

"परदेशी बाई आहे एक. एक तारा, एकच! माझ्या जन्मात एवढी खालची पॅसेंजर बघितली नाही. त्या चादरींच्या गल्लीतून मारते कॉल. काय करत असेल गाडीत, सांगा बघू?"

"उलट्या," एक जण म्हणाला.

"चावत असेल," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मामाही हसला. घास तोंडात होता, तरी हसला. मग "चादरींची गल्ली" त्याच्या डोक्यात पोचली आणि घास गिळेना.

त्याचा हिशेब सोपा होता. परदेशातलं ॲप इथे चालत नाही, म्हणून हॉटेलवाल्यांनी तिला इथलं ॲप घालून दिलं असणार. खातं कोरं. पहिला प्रवास मामाच्या गाडीतला. त्या एका प्रवासाला एक तारा, म्हणून सरासरीही एक. जुन्या पॅसेंजरच्या शेकडो ताऱ्यांमध्ये एक वाईट तारा बुडून जातो, पण हिच्याकडे दुसरा ताराच नव्हता. आणि नावापुढे '१' हा आकडा बघितल्यावर गाडी कोण नेणार? मामाने तरी नेली असती का?

"कशाला हसताय रे म्हाताऱ्या माणसांना," एवढंच तो म्हणाला.

"म्हातारी आहे हे तुम्हाला कसं माहीत?" रेडिओने विचारलं.

"अंदाज," मामा म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

गाडीत बसून त्याने तो तारा बदलायचा प्रयत्न केला. चोवीस तासांनंतर बदलता येत नाही, असं ॲपने सांगितलं. मदत केंद्राला लिहिलं. उत्तर लगेच आलं: "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मामा म्हणतो, त्या वाक्याइतकी शिवी त्याला आजवर कुणी दिली नाही.

तरी इथपर्यंत त्याच्याकडे स्वतःला समजवायला जागा होती. रागाच्या भरात झालं, मुद्दाम केलं नाही, कुणीतरी भला ड्रायव्हर भेटेल त्यांना. खरं घोडं अडलं ते गुरुवारी.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मामा टायरमध्ये हवा भरून घेत होता. गाडी रिकामी होती. मोबाइल वाजला. एक तारा. चादरींची गल्ली. जायचं होतं जुन्या गोदीला, म्हणजे पूर्वी जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकायचे आणि खालून दुरुस्त करायचे, त्या जागेला. गल्ली मामापासून सात मिनिटांवर. स्वीकारायला पंधरा सेकंद मिळतात, पडद्यावर गोल रेघ फिरत फिरत पुसत जाते.

मामाचा अंगठा पडद्याच्या वर होता. त्याला आजोबांचं हसणं दिसलं. आता त्यांच्यासमोर उभं राहायचं कसं? त्यांना कळलं असेल का? विचारलं तर काय सांगायचं? जवळ दुसरा कुणी असेलच की. रेघ पुसली गेली. हवा भरणारा माणूस म्हणाला, "झालं, बघून घ्या." मामाने चारही टायर बघितले, पुन्हा बघितले, आणि विरुद्ध दिशेला निघून गेला.

"सोमवारचं मी अंगठ्यावर ढकलू शकतो," मामा मला म्हणाला. "गुरुवारचं कुणावर ढकलू?"

शुक्रवारी दुपार कलताना तो एक भाडं सोडून समुद्राकडच्या रस्त्याने परत येत होता. पदपथावर ती दोघं दिसली. आजोबांच्या उजव्या पायात बूट होता, डाव्या पायात नुसता मोजा, आणि डावा बूट बाईंच्या हातात होता. दर वीस पावलांवर ते थांबत होते. हॉटेल तिथून सव्वा तासाच्या वाटेवर.

मामाने गाडी कडेला घेतली. उतरून मागचं दार स्वतः उघडलं. बाईंनी आधी मोबाइलकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि एकदम ओळखलं. "आ!" असं म्हणून त्यांनी नवऱ्याचा दंड हलवला. आजोबांनी काठी कपाळाला लावून सलाम ठोकला. मोज्याला टाचेपाशी रक्त लागलेलं होतं.

गाडीत बाई मोबाइलमध्ये बोलत राहिल्या आणि मोबाइल बाईंच्याच वयाच्या, पण बातम्या देणाऱ्या आवाजात ते मामाला सांगत राहिला. "माझे पती जहाजावर यांत्रिक कामगार होते. शेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचे जहाज या गावात नऊ आठवडे बिघडले होते. त्यांना ती गोदी मला दाखवायची होती. ती फक्त गुरुवारी दोन तास उघडते. काल आम्ही रस्त्यावर एक तास चाळीस मिनिटे उभे होतो. अकरा गाड्या नाही म्हणाल्या. मग आम्ही चालू लागलो. ते बंद झाल्यावर आम्ही पोहोचलो."

मामाने आरशात बघितलं नाही.

"उद्या दुपारी आमचे विमान आहे," मोबाइल म्हणाला. मग: "आम्ही इथे काही चूक केली आहे का? तुम्ही एकटेच थांबलात."

मामाकडे तेव्हा वेळ होता, रस्ता मोकळा होता, मोबाइल समोर धरलेला होता. तो म्हणाला, "गाड्या कमी आहेत हल्ली."

मोबाइलने ते इमानेइतबारे भाषांतर करून सांगितलं. बाईंनी समजल्यासारखी मान हलवली. हॉटेलच्या मागे उतरल्यावर त्यांनी पर्स उघडली, मामाने हात जोडून नको म्हटलं, तर त्यांचे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांचा मामाला इतका धाक वाटला, की तो आजोबांना हात द्यायचंही विसरला. सकाळी नऊला न्यायला येतो, विमानतळावर सोडतो, एवढं कबूल करून तो घरी आला.

जेवताना त्याने मामीला सगळं सांगितलं. मामी वाढता वाढता थांबली.

"हसलात पण तुम्ही त्यांच्याबरोबर? त्या रेडिओबरोबर?"

तिला नेमकं तेच कसं टोचलं, मामाला कळेना. "हसलो," तो म्हणाला.

"मग सांगून टाका त्यांना."

"आता कशाला? उद्या जातील बिचारे. दोन दिवस कुणीतरी चांगलं भेटलं, एवढं तरी घेऊन जाऊ देत."

"ते त्यांच्यासाठी नाही बोलत तुम्ही," मामी म्हणाली. "त्यांनी तुम्हाला चांगलं म्हणावं, म्हणून बोलताय. न केलेलं पुण्य पदरात घेऊ नका. पचत नाही ते."

शनिवारी मामा पावणेनऊलाच चादरींपाशी उभा होता. विमानाला वेळ होता, म्हणून त्याने गाडी आधी गोदीच्या फाटकावर नेली. पहारेकऱ्याला विनवलं, म्हातारा माणूस आहे, पाच मिनिटं सोड. पहारेकरी म्हणाला, किल्ली माझ्याकडे नसतेच, गुरुवारी साहेब घेऊन येतात. मग मामाने कोळशाच्या वखारीमागून जाणारी कच्ची वाट धरली. तिथे कुंपणाच्या जाळीतून गोदीचा एक कोपरा दिसतो: दगडी पायऱ्या, ओझी उचलायची एक गंजलेली यारी, आणि हिरवट पाण्याचा पट्टा.

आजोबांनी जाळीत बोटं अडकवली. ते बायकोशी भराभर बोलायला लागले. यारीकडे बोट, पायऱ्यांकडे बोट, मग दोन्ही हातांनी काहीतरी प्रचंड मोठं आवळून बंद करण्याचा अभिनय. बाई हसत होत्या. मामा चार पावलं मागे उभा होता. त्याला वाटलं, झालं की. बघितली की गोदी. आता सांगायची काय गरज? आणि लगेच मामीचा वाढतानाचा हात आठवला.

विमानतळावर आजोबा सामानाची ढकलगाडी आणायला आत गेले. बाई आणि मामा दोघंच गाडीपाशी राहिले. मामाने बाईंचा मोबाइल मागून घेतला आणि जड बोटांनी लिहिलं: "सोमवारी मी तुम्हाला एक तारा दिला. म्हणून तुम्हाला गाडी मिळाली नाही. चूक माझी आहे."

यंत्राने त्याचं काय केलं देव जाणे. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि छातीवर हात ठेवून त्या गोड हसल्या. त्यांनी उलट लिहून दाखवलं: "तुम्ही मला आकाशातला तारा दिलात. किती सुंदर बोलता. गाडी नव्हती, ही तुमची चूक कशी?"

सुटायची ती शेवटची संधी होती. मामा म्हणतो, एक क्षण त्याने खरंच हसून मान डोलावली. मग स्वतःचा मोबाइल काढला. सोमवारच्या प्रवासाचं पान उघडलं. हॉटेल ते संग्रहालय. खाली पाच तारे, त्यातला पहिला पिवळा, बाकी चार राखाडी. त्याने पिवळ्यावर बोट ठेवलं, मग ते बोट स्वतःच्या छातीला लावलं, मग बाईंकडे दाखवलं. मग रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे, आणि मान आडवी हलवली. नाही, नाही, नाही.

बाईंना समजायला वेळ लागला नाही. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं. त्यांनी लिहिलं: "का?"

मामाने दाराचा ओरखडा दाखवला. तो दाखवतानाच त्याला कळलं, की बोटभर ओरखडा आहे हा, फक्त बोटभर. मग लिहिलं: "माझा राग दुसऱ्यावर होता." थोडं थांबून पुढे लिहिलं: "गुरुवारी तुमचा कॉल मलाही आला होता. मी घेतला नाही."

हे शेवटचं वाक्य लिहिलं नसतं तरी चाललं असतं, असं मी म्हटलं. मामा म्हणाला, "मग मी सांगितलंच काय असतं?"

शिट्टी वाजवत एक रखवालदार गाडी हलवा म्हणून खुणा करत होता. आजोबा काठी ढकलगाडीत आडवी टाकून, तिच्याच आधाराने, लंगडत येताना दिसले. बाईंनी भराभर लिहिलं आणि मोबाइल मामापुढे धरला.

"मी त्यांना सांगणार नाही. त्यांना हे गाव खूप आवडते."

मामाने बॅग उचलली, तर त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, नुसती काढून घेतली. आजोबांनी मात्र मामाला मिठी मारली, पाठीवर तीन थापा मारल्या, आणि त्यांच्या भाषेत पुन्हा काहीतरी लांबलचक बोलले. मामा त्या मिठीत लाकडासारखा उभा राहिला. दारातून आत जाताना आजोबांनी वळून हात हलवला. बाई वळल्या नाहीत.

सोमवारी पार्किंगमध्ये मामाने सगळ्यांना सांगितलं, की तो तारा माझा होता. त्याला वाटलं होतं, कुणीतरी चार शब्द सुनावेल. रेडिओ म्हणाला, "मामा, एवढं काय त्यात? आम्ही रोज देतो." कुणीतरी लोणच्याची बाटली पुढे केली आणि विषय क्रिकेटवर गेला. त्या दिवसापासून मामा डबा गाडीतच खातो.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, त्याने मामीला घेऊन गोदी बघितली. जन्म याच गावात गेला, पण आत पाऊल टाकायची दोघांची पहिलीच वेळ. मामी पायऱ्या उतरून थेट तळाच्या पाण्यापाशी गेली आणि म्हणाली, "केवढं खोल आहे हो!" मामाने फोटो काढले. यारीचे, पायऱ्यांचे, पाणी उपसायच्या पंपाचे, पंपावर बसवलेल्या पितळी पाटीचे. एकंदर सत्तर-ऐंशी तरी निघाले. पंपाचे तर चहूबाजूंनी काढले, कारण यांत्रिक कामगाराला तेच बघायचं असणार.

पाठवायचे कुठे, हा विचार त्याने घरी आल्यावर केला. ॲपवर पॅसेंजरचा नंबर दिसत नाही, पत्ता तर नाहीच. हॉटेलवाल्यांनी देता येत नाही म्हटलं. मदत केंद्राला लिहिलं, की अमुक प्रवासातल्या पॅसेंजरना काही फोटो पोचवायचे आहेत. त्यांनी उलट विचारलं, वस्तू गाडीत राहिली आहे का? मामाने हो लिहिलं. वस्तूचं वर्णन करा, असा पुढचा प्रश्न आला. तिथे तो अडला तो अडलाच. फोटो अजून त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल भरला की तो नातवंडांचे काही फोटो माझ्याकडे पाठवून जागा करून घेतो.